विंडोजचा फायरवॉल पुरतो का?
'विंडोजचा फायरवॉल चालू आहे, मग बाकी कशाची काळजी नको' असं कुणी म्हटलं, तर मला त्यातलं अर्धंच पटतं. फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटर आणि नेटवर्कमधली ये-जा तपासणारा पहारेकरी. बाहेरून आत घुसू पाहणाऱ्याला तो नीट अडवतो. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) १३५ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या एका दारातून, कुणी काही क्लिक न करताच मशीनमध्ये शिरत होता. विंडोज एक्सपीत तेव्हाही फायरवॉल होता, पण मुळात बंद असायचा! २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून (एक्सपीचं मोठं अपडेट) तो आपोआप चालू राहायला लागला. एवढ्यासाठी वेगळा विकतचा फायरवॉल घ्यायची गरज मलाही वाटत नाही.

पण आतून बाहेर जाणारं जवळजवळ सगळं तो न विचारता जाऊ देतो. मेलमधली फाइल आपणच उघडली आणि त्यातून काही शिरलं, तर ते खुशाल डेटा बाहेर पाठवत बसेल. शिवाय आपण घाईत दिलेल्या परवानग्या तशाच पडून राहतात. परवा माझ्या लॅपटॉपवर परवानगी दिलेल्या अ‍ॅप्सची यादी उघडली, तर कधीच काढून टाकलेल्या दोन गेम्सना अजून आत यायची मुभा होती, तीही 'पब्लिक', म्हणजे कॅफे-स्टेशनसारख्या सार्वजनिक नेटवर्कवर. दोन्हींपुढच्या परवानगीच्या खुणा तिथल्या तिथे काढल्या. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ती यादी एकदा बघाच.