मदत हवी आहे: राइट फिल्टरमुळे थिन क्लायंट डोमेनमधून तुटतात, पासवर्ड बदल बंदच करू का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे साठेक थिन क्लायंट (सर्व्हरच्या आधाराने चालणारे छोटे संगणक) आहेत. विंडोज १० आयओटी एंटरप्राइज, युनिफाइड राइट फिल्टर (यूडब्ल्यूएफ, म्हणजे डिस्कवर बदल न लिहिता ते तात्पुरते ठेवून रीस्टार्टला टाकून देणारी सोय) चालू. महिनाभर सुरळीत चालतात आणि मग एखाद्या सकाळी लॉगिनला 'ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड', म्हणजे मशीनचं डोमेनशी (ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेशी) नातं तुटलेलं. एक मशीन दुरुस्त करतोय तोवर दुसरं पडतं. माणसं स्क्रीनसमोर ताटकळतात, ते बघवत नाही.

मला समजलं ते असं. दर ३० दिवसांनी नेटलॉगॉन (डोमेनशी जोडणी सांभाळणारी विंडोजची सेवा) मशीन अकाउंटचा, म्हणजे डोमेनमधल्या मशीनच्या स्वतःच्या खात्याचा, पासवर्ड बदलतं. नवा पासवर्ड अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत) पोचतो, पण मशीनवर तो रॅममधल्या ओव्हरलेतच (फिल्टरच्या तात्पुरत्या थरातच) राहतो. रीस्टार्ट झालं की मशीन पुन्हा जुन्यावर. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) आधीचा एक पासवर्ड चालवून घेतो, म्हणून पहिल्या खेपेला काही कळत नाही. पण मशीनच्या लेखी मुदत उलटलेलीच असते, ते परत बदलतं, आणि डिस्कवरचा पासवर्ड दोन पावलं मागे पडतो. बरोबर ना?

पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड साधनातून) सिक्युअर चॅनेल, म्हणजे मशीन आणि डोमेन कंट्रोलरमधला सुरक्षित दुवा, रिपेअर केलं, पण रीस्टार्टनंतर तेच. पॉलिसीतून पासवर्ड बदल बंद करता येतो, पण साठ मशीनचे पासवर्ड कायमचे गोठवायला मन धजत नाही. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर १:
निदान अचूक आहे. रिपेअर टिकलं नाही कारण तेव्हा फिल्टर चालू होता. आधी फिल्टर बंद, रीस्टार्ट, मग रिपेअर.

गोठवायची गरज नाही. डब्ल्यूएमआयमधल्या (विंडोजच्या व्यवस्थापन यंत्रणेतल्या) यूडब्ल्यूएफ रजिस्ट्रीफिल्टर क्लासमध्ये 'पर्सिस्ट डोमेन सीक्रेट की' ही प्रॉपर्टी आहे. ती ट्रू करा, फिल्टर चालू करा, रीस्टार्ट करा. तेवढी की फिल्टरमधून वगळली जाते, बाकी डिस्क सुरक्षितच.

पॉलिसीचाच मार्ग घेतलात तर ती सेटिंग मूळ इमेजमध्ये (मशीनवर टाकायच्या तयार प्रतीत), फिल्टर बंद असताना घाला. नुसत्या ग्रुप पॉलिसीवर (डोमेनवरून येणाऱ्या सेटिंगवर) विसंबू नका, दर बूटला ती नव्याने लागावी लागते. आणि डोमेन कंट्रोलरवरच बदल नाकारायची सेटिंग लावू नका, ती डोमेनमधल्या सगळ्याच मशीनना लागू होते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! एका मशीनवर आजच करतो. पण खात्री पटायला ३० दिवस थांबायचं का?

उत्तर १:
नाही. त्या एका मशीनवर पासवर्डची कमाल मुदत १ दिवस करा आणि तीन-चार दिवस रोज रीस्टार्ट करून सिक्युअर चॅनेल तपासा.