मदत हवी आहे: पेंटियम ४ वर ओपनबीएसडीची सीडी बूट होत नाहीये

नमस्कार मंडळी,
काकांनी सदाशिव पेठेतलं डीटीपीचं दुकान बंद केलं आणि तिथला पेंटियम ४ मला दिला, रॅम १ जीबी, हार्ड डिस्क ठणठणीत. त्यावर मला युनिक्स नीट शिकायचंय, म्हणजे नुसत्या कमांडी पाठ नाही तर पार्टिशनपासून फायरवॉलपर्यंत सगळं स्वतः करून बघायचंय. मशीन ३२ बिट, आणि डेबियन लिनक्सने १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला, फ्रीबीएसडीने १५ पासून, म्हणून ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमची आय३८६ (म्हणजे ३२ बिटची) घेतली. त्यांची मॅन पेजेस (सिस्टिममधलीच माहितीची पानं) इतकी छान आहेत की शिकायला तीच बरी असं माझं मत.

अडचण अशी की बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) यूएसबी बूट नाहीच. मग तापकीर गल्लीतून कोऱ्या सीडी आणल्या (मिळतात अजून, दुकानदार आतून शोधून देतो). इन्स्टॉलची आयएसओ (अख्ख्या सीडीची एकच फाईल) ७०० एमबीत बसते, शा२५६ (फाईल बिघडली नाही ना हे दाखवणारा आकडा) जुळला, इमेज म्हणूनच बर्न केली, लॅपटॉपवर आतले फोल्डर दिसतात, आणि पेंटियमवर मात्र 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर'. फर्स्ट बूट डिव्हाइस सीडीरॉमच आहे. काकांच्या जुन्या विंडोजच्या ओरिजिनल सीडीवरून त्याच ड्राइव्हने बूट होतं. काय तपासू?

कोथरूडकर: ओरिजिनल चालतेय म्हणजे केबल, जंपर, बायॉस सगळं ठीक, तिकडे वेळ घालवू नका. छापील सीडीपेक्षा सीडी-आरवरून (आपण बर्न करतो ती) प्रकाश कमी परत येतो, त्यामुळे ड्राइव्हची लेन्स थकली की आधी सीडी-आर वाचणं बंद होतं. बर्निंग स्पीड ऑटोवर असेल तर १६एक्स करा. आणि फोल्डर दिसतात यावर जाऊ नका, सीडी परत वाचून बघा: डीडीला (डिस्क जशीच्या तशी वाचणारी कमांड) ब्लॉक साइझ २०४८ द्या, आयएसओच्या बाइटना २०४८ ने भागून येतील तेवढेच ब्लॉक वाचा आणि शा२५६ कमांडला पाइप करा (थेट तिच्याकडे पाठवा), आकडा आयएसओच्या आकड्याशी जुळायला हवा. पूर्ण सीडी वाचलीत तर शेवटी जादा ब्लॉक येऊ शकतात आणि चांगली सीडीसुद्धा खराब वाटते.

टर्मिनलवाला: सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येते ती) वापरू नका बरं का, तिचं परावर्तन अजून कमी. ड्राइव्हने अगदीच ऐकलं नाही तर लॅनवरून पीएक्सई बूट करता येतं, ओपनबीएसडीत त्यासाठी पीएक्सईबूट नावाची फाईल असते.

धागाकर्ता: कोथरूडकर दादा, परत वाचली तर शा२५६ वेगळाच आला! म्हणजे बर्नच खराब होतं. लेन्स ब्लोअरने साफ केली, १६एक्सवर नवीन सीडी केली, ती जुळली, आणि पेंटियमवर बूट प्रॉम्प्ट आला, खूप आनंद झाला राव. आता सेट्स (सिस्टिमच्या फाईलींचे गठ्ठे) सीडीवरून घेताना इन्स्टॉलर म्हणतोय शा२५६.सिग (सेट्स पडताळायची सही केलेली यादी) सापडत नाही, व्हेरिफिकेशनशिवाय पुढे जायचं का, आणि डिफॉल्ट 'नो' आहे. ही सीडीपण खराब का?

कोथरूडकर: नाही हो, ती फाईल इन्स्टॉलच्या आयएसओत ठेवतच नाहीत. तुम्ही आयएसओ आणि सीडी दोन्ही तपासलीयेत, बिनधास्त 'येस' टाइप करा.