मदत हवी आहे : 'सिस्ले' अशी सही असलेलं चित्र, आधी कुणाकडे न्यायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रान्समध्ये ल्यों शहरात राहतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून फ्रेमसकट एक तैलचित्र घेतलं. पावती आहे. नदीकाठ, पॉपलरची झाडं, अर्ध्याहून जास्त आभाळ आणि उजव्या कोपऱ्यात 'सिस्ले', म्हणजे एकोणिसाव्या शतकातला निसर्गचित्रकार आल्फ्रेड सिस्ले, याची सही. सही कुणीही ठोकू शकतो हे कळतं, त्यामुळे लॉटरी लागल्याच्या भ्रमात नाही.

सिस्लेच्या चित्रांची दॉल्त यांनी १९५९ मध्ये केलेली सूची आहे, तिच्यात शोधलं, जुळणारं काही सापडलं नाही. कॅनव्हासची मागची बाजू, खिळे, रंगविक्रेत्याचा पुसट शिक्का, सगळ्याचे फोटो काढले. एका लिलावगृहाला ते पाठवले, तर "पॅरिसच्या सिस्ले समितीचं मत आणा, मग बोलू" एवढंच उत्तर. (चित्र खरंच सिस्लेचं आहे का, यावर ही समिती मत देते.) चित्र साफ केलेलं नाही, करणारही नाही. आधीच्या मालकांचे कागद नाहीत, वारसांना विचारलंय.

रंगांची प्रयोगशाळेत तपासणी करावी का? सिस्ले १८९९ मध्ये वारला आणि टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग बाजारात आला १९२० च्या आसपास. मूळ थरात तो निघाला तर विषयच संपला. (नंतरच्या डागडुजीत असेल तर गोष्ट वेगळी.) पण नाही निघाला तरी सिद्ध काहीच होत नाही, खर्च मात्र होतो.

विक्री फ्रान्समध्येच करायची आहे, निर्यात परवान्याचं तूर्त सोडा.

कुणी या वाटेने गेलंय का? समितीकडे मालकाने थेट जावं की लिलावगृहाच्या तज्ज्ञामार्फत? आणि तपासणी त्याआधी करायची की नंतर?