नववीसाठी मुलांकडूनच लैंगिक शिक्षण : निवड, प्रशिक्षण आणि गोपनीयता कशी सांभाळायची?

नववी_वर्गशिक्षिका (पूर्व भाग, सोलापूर)
नमस्कार. आमची अनुदानित मराठी शाळा, वर कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं. नववीच्या चार तुकड्या, पटावर प्रत्येकी साठेक. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. पाळी, वयात येणं, प्रेमप्रकरणं, मोबाईलवरचे फोटो यांबद्दल मुलं आमच्याशी बोलत नाहीत. आपापसात बोलतात आणि बरंचसं चुकीचं बोलतात. म्हणून त्यांच्यातलेच काही जण तयार करायचं ठरतंय. मुख्याध्यापकांनी शनिवारचे दोन तास दिलेत. संस्थेतले एक संचालक मात्र म्हणतात, "महाराष्ट्रात याला बंदी आहे." मुलं कशी निवडायची, किती, प्रशिक्षण किती? प्रश्नपेटी ठेवावी का? आणि एखादीनं मैत्रिणीला काही गंभीर सांगितलं तर त्या मैत्रिणीनं काय करायचं?

समुपदेशक_सातरस्ता
बंदीचं आधी. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाच्या साहित्यावरून वाद झाला आणि राज्यानं तो शाळांत थांबवला. संचालकांच्या डोक्यात तेच असणार. २०२० पासून आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आहे. त्यात शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, नेमायचे असतात. ठरलेल्या अकरा विषयांत प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे आहेतच. संस्थेच्या ठरावात त्याचाच आधार घ्या.

निवड शिक्षकांनी करू नये. केली की मॉनिटर आणि पहिल्या पाचातली मुलं येतात, आणि त्यांच्याजवळ कोणी मन मोकळं करत नाही. प्रत्येकाला चिठ्ठी द्या : "अडचण आली तर कोणाशी बोलशील? दोन नावं." वेगवेगळ्या घोळक्यांतून आलेली नावं उचला, मागच्या बाकावरचीही. तुकडीमागे तीन मुली, तीन मुलगे. एकदोन गळतात हे धरूनच. तासिका मात्र अकरावीच्यांनी घ्यावी, नववीच्यांनी मदतनीस राहावं. एकाच वयाचा मुलगा फळ्यापाशी उभा राहिला की वर्ग त्याची टर उडवतो. कायम जोडीनं पाठवा आणि दारं उघडी ठेवा. एकांतात कोणी कोणाला 'समजावायला' जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. निवडलेल्यांच्या पालकांची लेखी संमती हवीच.

प्रशिक्षण बारा ते पंधरा तास, पण दोन दिवसांचं शिबिर नको. आठवड्याला दोन तास असे सहा-सात शनिवार घ्या, कारण खरे प्रश्न मुलांना घरी गेल्यावर पडतात. त्यातला निम्मा वेळ एकच गोष्ट घोटायला द्या : "मला माहीत नाही, विचारून पुढच्या शनिवारी सांगतो" हे न लाजता म्हणता येणं. ते जमलं नाही की मुलं ठोकून देतात आणि सगळा उपक्रम तिथेच बुडतो.

एका गटात २५ ते ३०, वेळ ४० मिनिटं. पाळी आणि स्वप्नदोष हे विषय आधी मुली आणि मुलगे वेगळे बसवून घ्या, पण दोन्ही विषय दोन्ही गटांना. मैत्री, नकार, मोबाईल हे नंतर एकत्र. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत (निकाल २००४) १६-१७ वर्षांच्या मुलांनी १३-१४ वर्षांच्यांना शिकवलं. ते मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त रुचलं, तरीही ५७ टक्के मुलींना आणि ३२ टक्के मुलग्यांना वेगळा गट हवा होता.

प्रश्नपेटी ठेवा, पण कोपऱ्यात लटकवून नको. चिठ्ठी टाकायला जाणाऱ्याकडे सगळे बघतात. तासाच्या शेवटी सर्वांना सारखा कागद द्या. प्रश्न नसेल त्यानं फळ्यावरची एक ओळ उतरवायची, म्हणजे प्रत्येकाचं पेन चालतं. पेटी उघडायची ती नेमलेल्या शिक्षिकेनं. मुलांच्या हाती नाही, कारण चिठ्ठीत कोणाचं नाव किंवा अत्याचाराची तक्रार निघू शकते.

बालहक्क_वकील
शेवटच्या प्रश्नाबद्दल. "कोणालाच सांगणार नाही" असं वचन या मुलांनी कधीच देऊ नये. वाक्य पाठच करून घ्या : "तू सांगशील ते मी वर्गात बोलणार नाही, पण तुला कोणी इजा करत असेल तर अमुक मॅडमना सांगावं लागेल." हे ऐकणं सुरू करण्याआधी म्हणायचं.

पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ : अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक. कलम २१ : न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत आणि दंड. न कळवल्याची शिक्षा मुलांना लागू नाही, त्यामुळे तुमच्या अकरावीच्या मुलीला घाबरवू नका. मात्र कोणी अठरा पूर्ण केली असतील तर त्याला ही सूट नाही, जन्मतारखा तपासा.

जिला मैत्रिणीनं सांगितलं तिनं त्याच दिवशी नेमलेल्या शिक्षिकेकडे जायचं, एवढंच. खोदून विचारायचं नाही. शिक्षिकेनंही चौकशी समिती भरवू नये, समोरच्याला बोलावून 'मिटवू' नये. मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहून पोलिसांकडे जावं. चाइल्डलाइन १०९८ आहेच.

अश्लील फोटोचं प्रकरण असेल तर 'पुरावा' म्हणून स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, शिक्षकांनीही नाही. मुलाचा असा फोटो बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. मूळ फोन बंद करून बाजूला ठेवा. सायबर तक्रारीसाठी १९३०.

आरोग्यसेविका_विजापूररोड
वकीलसाहेबांनी 'त्याच दिवशी' म्हटलं, त्याला वैद्यकीय कारणही आहे. अत्याचारानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळीचंही तसंच. शनिवारी कळलं आणि सोमवारपर्यंत थांबलात तर वेळ निघून जाऊ शकते. सिव्हिल असो की खासगी दवाखाना, गुन्हा नोंदवलेला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि त्याचे पैसेही घेता येत नाहीत.

मुलं कुठे चुकीचं सांगतात? "पाळी २८ दिवसांनीच यायला हवी" हे पहिलं. सुरुवातीची दोनतीन वर्षं २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी चालतं. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, कमी भिजलं असलं तरी. कापड गार पाण्यात, मग साबणानं धुऊन कडक उन्हात. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, पण चाळीत दोरी सगळ्यांसमोर असते म्हणून मुली ते परकराखाली दमट वाळवतात आणि मग खाज, पुरळ सुरू होतं. वर पातळ ओढणी टाकली तर ऊन लागतं आणि दिसतही नाही.

मुलग्यांमध्ये 'धातू जातो, अंगातली ताकद जाते' ही भीती सगळ्यात जड. भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती त्यावरच चालतात. स्वप्नदोषानं किंवा हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, एवढं ठाम सांगता आलं तरी एक तास कारणी लागला. आठवड्याची निळी लोहगोळी (६० मिलिग्रॅम लोह) उपाशीपोटी घेऊन मळमळतं म्हणून मुली ती फेकतात. जेवल्यावर घ्या, शी काळी झाली तर घाबरू नका, हेही याच तासात बसतं. पुढच्या शंकांसाठी सरकारी रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक. जवळचं कुठलं आणि कुठल्या वारी, हे आधी विचारून कार्डावर लिहा.

नववी_वर्गशिक्षिका (पूर्व भाग, सोलापूर)
सर्वांचे आभार. पालकसभा राहिली. गदारोळ होईल का?

तेलुगूघर_मराठीशाळा
मॅडम, लपवलं तर होईल. वर्गात वापरणार ती चित्रं आणि कार्डं सगळी टेबलावर मांडा, पालकांना हातात घेऊ द्या. सभा तेलुगूतही घ्या, आयांसाठी वेगळी. बिडी कारखान्यात माल द्यायची वेळ आणि यंत्रमागाची शिफ्ट विचारून मगच वार ठरवा, नाहीतर चारच जण येतील. पूर्व भागात अनेक घरांत पहिल्या पाळीचा समारंभ होतो, पाहुणे जमतात, फोटो निघतात. म्हणजे विषय घरात नवा नाही. तिथून बोलायला लागा, आया स्वतःच पुढचं विचारतात. वर्ग मात्र जुलैतच सुरू करा. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा), मग दहावीची गडबड आणि मार्चपासून सकाळची शाळा, हातात शनिवार उरत नाहीत.