‘बॅन्शी’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: एका आयरिश कथेत म्हातारा अंथरुणाला खिळलेला, मध्यरात्री बाहेर बॅन्शीचा विलाप ऐकू येतो आणि आता तो जाणार, हे घरातले समजतात. संपादकांनी तिची ‘हडळ’ केलीय. हडळ माणसाला धरते, ही कुणाला बोटही लावत नाही. ‘जखीण’ही पटत नाही. काय लिहू?

रानवाट: ‘हडळ’ साफ चूक. बॅन्शी कुळाची असते, आडनावात ‘ओ’ किंवा ‘मॅक’ असलेल्या जुन्या घराण्यांची. ओब्रायनांची तर नावानिशी ठाऊक आहे, ईव्हल. 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईआधी तिने आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू याला मरणाची वर्दी दिली, असं जुन्या आयरिश ग्रंथात आहे. आपलं माणूस जाणार म्हणून ती रडते हो! ‘कुळरडवी’ म्हणा.

धातुपाठ: मूळ शब्द ‘बान शी’. बान म्हणजे बाई, संस्कृत ‘जनि’ची सख्खी बहीण. शी म्हणजे अद्भुत लोकांचं टेकाड. तो ‘सद्’ (बसणे) धातूच्या घरातला. म्हणून ‘टेकडीवाली’.

रानवाट: टेकडीवाली म्हटलं की देवीच डोळ्यांपुढे येते.

शब्दवेडी: ‘रुदाली’ चालेल की.

धातुपाठ: अजिबात नाही. मोबदला घेऊन मयताला रडणाऱ्या बायका आयर्लंडात खरोखरच होत्या, चर्चने विरोध करकरून ती चाल मोडली. त्या मेल्यावर रडायच्या, बॅन्शी आधी रडते.

लिमरिककर: ‘बॅन्शी’च ठेवा. ‘जिन’ नाही का आपण घेतला? इथे आयर्लंडात शेजारच्या आजी सांगतात, वाटेत पडलेला कंगवा उचलायचा नाही. बॅन्शी केस विंचरत बसते, तो तिचा असतो. कुणी घरी नेलाच तर ती रात्री खिडकीशी येते. तेव्हा चुलीतल्या चिमट्यात धरून तो बाहेर द्यायचा. चिमटा परत येतो तो वाकडा होऊन. हाताने दिला असता तर?

अनुवादिका: अगंबाई, माझ्या कथेतही कंगवा आहे!

शब्दवेडी: आमच्या आजोळी तिन्हीसांजेला केस विंचरू देत नसत, गळलेला केसही उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. पण कंगवा नका लिहू, ‘फणी’ लिहा. कंगवा मला परका वाटतो.

रानवाट: छे, तो घरचाच आहे, संस्कृत ‘कंकत’वरून आलेला. शिवाय फणी म्हणजे दोन्हीकडे बारीक दाते, उवा काढायची. मोकळे लांब केस तिने कसे विंचरणार?

शब्दवेडी: आमच्याकडे मोठ्या दात्यांचीही फणीच.

लिमरिककर: कुठल्या भागात?