टॅटिंग : रिंग बंदच होत नाहीये, शटल फेकून द्यायची वेळ आलीये

गुंतागुंत_७

मंडळी, आधीच सांगून टाकते, मला विणकाम-भरतकामातलं फारसं काही येत नाही. सातवीत एक रुमाल भरायचा होता तो आईने रात्री बसून पूर्ण केला आणि मार्क मला मिळाले, एवढाच अनुभव. तर झालं असं की दिवाळीआधी आजीचं कपाट आवरायला घेतलं तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टॅटिंगच्या (दोऱ्याच्या गाठी मारत हाताने करतात त्या) लेसचे तीन रुमाल, एक अर्धवट राहिलेली पट्टी आणि त्या पट्टीला अजून लटकत असलेलं शटल (दोरा गुंडाळायची छोटी होडीसारखी वस्तू) सापडलं, पिवळट पडलेलं, दोन बोटं लांबीचं. आजीला जाऊन सहा वर्षं झाली, तिला टॅटिंग येत होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण शिकून कोणीच घेतलं नाही, मी तर नाहीच नाही.

मला ती पट्टी पूर्ण करायचीये. तीन आठवडे रोज रात्री व्हिडिओ बघून करतेय (नवीन शटल आणलंय, आजीच्याला हात लावलेला नाही). गाठी होतात, आठ-दहा ओळीने बसतात, दिसायलाही बऱ्या दिसतात, पण शेवटी रिंग बंद करायला शटलचा दोरा ओढला की ढिम्म. हलतच नाही. जास्त ओढलं की दोरा तुटतो. व्हिडिओत ती बाई नुसतं ओढते आणि गोल तयार, मी तो तुकडा पंधरा वेळा बघितला असेल. इथल्या एका क्लासलाही जाऊन आले, पैसे भरले, तर बाईंनी दोन तासांत सुईवरचं टॅटिंग शिकवलं आणि म्हणाल्या शटल आता कोणी करत नाही. कोणी करत नसेल तर मग हे व्हिडिओ कोण टाकतंय?

दोरा शिवणमशीनचा घेतलाय, घरात होता म्हणून. त्यामुळे होत असेल का असं? आणि हे नरसापूरची लेस म्हणतात तेच काम आहे का, म्हणजे तिकडचे पॅटर्न शोधू का?


जुनी_शिवणवाली

अगं तुझी गाठ उलटत नाहीये, बाकी काही नाही. शंभरातल्या नव्वद जणी इथेच अडकतात, मीसुद्धा सुट्टीभर अडकले होते, मावशीने शेवटी माझी बोटं धरून करून घेतलं.

नीट वाच आता. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेरा घेतलेला असतो आणि उजव्या हातात शटल. शटल फेऱ्याच्या खालून नेऊन वरून परत आणलंस की शटलचा दोरा फेऱ्याच्या दोऱ्याला गुंडाळला जातो. इथे तू गाठ आवळून टाकतेस, आणि तिथेच चुकतंय. या क्षणी डाव्या हाताचं मधलं बोट पाडायचं, फेरा एकदम ढिला सोडायचा, आणि उजव्या हाताने शटलचा दोरा आडवा ताठ ओढायचा. की ती गुंडाळी टुणकन उडी मारून दुसऱ्या दोऱ्यावर जाते. म्हणजे आता फेऱ्याचा दोरा शटलच्या दोऱ्याला गुंडाळलेला. मग मधलं बोट हळू उचल, अर्धी गाठ सरकत सरकत चिमटीपाशी येऊन बसेल. शटलचा दोरा तोपर्यंत ताठच, तो जरा सैल सोडलास की गाठ परत उलटते. दुसरी अर्धी गाठ वरून जाऊन खालून परत, आणि पुन्हा तेच, बोट पाडायचं, ओढायचं, उचलायचं. दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण गाठ.

प्रत्येक गाठीनंतर शटलचा दोरा थोडा मागेपुढे ओढून बघ. गाठ दोऱ्यावरून सरकली तर बरोबर. नाही सरकली तर तिथेच सोडव, पुढे जाऊ नकोस, कारण दहा गाठींत एक जरी उलटायची राहिली तरी रिंग बंद होत नाही.

मशीनचा दोरा ठेवून दे आधी. २० नंबरचा क्रोशाचा मर्सराइज्ड दोरा आण, घट्ट पिळाचा, अँकरचा वगैरे कुठलाही. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे दुकानात लक्षात ठेव नाहीतर ८० नंबर घेऊन येशील आणि परत इथे रडशील.


बुवा_विणतात

काकूंनी सांगितलंय ते शंभर टक्के. मी पुरुष, वय ४४, टॅटिंग करतो, ट्रेनमध्ये करतो, लोक बघतात, बघू देत.

फक्त एक भर घालतो. दोन रंगांनी शिका. लाल दोऱ्याचा गुंडा आणि शटलवर पांढरा दोरा, दोन्हींची टोकं एकत्र गाठ मारून चिमटीत धरायची, लाल डाव्या हातावर. (याला चेन म्हणतात, रिंगा जोडणाऱ्या कमानी असतात ना त्या.) आता गाठी मारत जा. गाठी लाल दिसल्या आणि पांढरा आत लपला तर उलटल्या. पांढरे फेरे लालवर चढलेले दिसले तर नाही उलटल्या. अंदाज बांधायची गरजच उरत नाही, डोळ्यांना दिसतं. एका रंगात शिकणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं आहे.

आणि ही गाठ काही परकी नाही हो, प्रवासाच्या बॅगेला नावाचा टॅग अडकवतो, दोरीचा फास हँडलमधून घेऊन टॅग त्यातून काढतो, तीच गाठ. सगळं टॅटिंग म्हणजे ती एक गाठ, बास. ती आतल्या दोऱ्यावरून सरकते म्हणून रिंग बंद होते. हे एकदा डोक्यात बसलं की मग व्हिडिओची गरज नाही.

सुईचं टॅटिंग वाईट नाही पण. त्यात गाठी सुईवर ओळीने घालतात आणि मग सुईसकट दोरा आतून ओढून घेतात, म्हणून उलटवायची भानगडच नाही. पण सुईच्या जाडीमुळे काम थोडं सैल येतं. आजीची पट्टी पूर्ण करायची तर शटलच पाहिजे, नाहीतर जोड लगेच ओळखू येईल.


कोकणातली_चिंच

नरसापूरचं राहिलं ते मी सांगते. नरसापूरची लेस म्हणजे क्रोशा, आकड्याच्या सुईने केलेली. आंध्रात गोदावरीकाठी मिशनऱ्यांनी १९ व्या शतकात तिकडच्या बायकांना शिकवली आणि अजून घराघरात चालते. नागरकोईलची वेगळी, ती बॉबिन लेस, तिथे लंडन मिशनच्या मार्था मॉल्टबाईंनी सुरू केली. त्यात उशीवर टाचण्या टोचून लाकडाच्या बॉबिनच्या जोड्या उलटसुलट फिरवत जातात, एका पट्टीला डझनांनी बॉबिन लागतात. टॅटिंगमध्ये उशी नाही, टाचणी नाही, फक्त शटल आणि दहा बोटं. त्यामुळे नरसापूरचे पॅटर्न शोधू नकोस, तुला काही उपयोग नाही.

ओळखायची खूण सांगू? लेसवरून नख फिरवून बघ. टॅटिंगच्या रिंगा कडक लागतात, छोट्या छोट्या मण्यांसारख्या गाठी जाणवतात. क्रोशा मऊ आणि दोरा ओढला की सगळा उसवतो. टॅटिंग उसवत नाही, कात्री लावावी लागते, हे चांगलं की वाईट ते तू रिंग चुकशील तेव्हा कळेल.

आणि त्या लेसच्या कडेला जे बारीक बारीक फास असतात त्यांना पिको म्हणतात. हो, साडीला फॉल-पिको करतो तोच पिको 😀


म्युनिकची_सून

इथे जर्मनीत याला शिफ्शेनआर्बाइट म्हणतात, म्हणजे छोट्या होडीचं काम, शटल होडीसारखं दिसतं ना. दुसरं नाव ओकी, ते इटालियनमधून आलंय, डोळे, कारण रिंगा डोळ्यांसारख्या. गंमत म्हणजे खुद्द इटलीत आता त्याला क्याक्केरीनो म्हणतात, त्यात गप्पांचा अर्थ आहे, आणि फ्रेंच तर फ्रिव्होलिते, म्हणजे चक्क फालतूपणा. तीन तास मान मोडून चार बोटं लेस होते आणि नाव काय तर फालतूपणा.

तेरेझ द डिलमाँ म्हणून एक बाई होती, तिचा १८८६ चा हस्तकलेचा जाडजूड ग्रंथ आहे, त्याचं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. त्यात टॅटिंगचं वेगळं प्रकरण आहे, हात कसे धरायचे त्याची चित्रंही. व्हिडिओत हात भराभर हलतात, चित्रातला हात जागच्या जागी थांबलेला असतो, मला तरी चित्रांवरूनच जमलं.


गुंतागुंत_७

जमलं!!!!! काल रात्री पावणेबाराला. बुवांचा लाल-पांढरा उपाय केला आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की माझ्या सगळ्याच्या सगळ्या गाठी पांढऱ्या होत्या, म्हणजे तीन आठवडे मी मन लावून चुकीची गाठ घोटत होते. मग काकूंनी सांगितलं तसं मधलं बोट पाडलं, तरी नाही, मग लक्षात आलं की मी बोट पाडते पण त्याच वेळी शटलचा दोरापण सैल सोडते. तो ताठ ठेवला आणि ती उडी दिसली. खरंच उडी आहे हो. नवरा झोपला होता त्याला उठवून दाखवली, तो म्हणाला छान, आणि परत झोपला.

आज सकाळी सहा रिंगा बंद केल्या. एक मात्र पिको करायच्या आधीच बंद करून बसले, ती उघडता येते का? आणि आता आजीच्या पट्टीचं. पॅटर्न कुठे लिहिलेला नाही. एक मोठी रिंग, मग कमान, मग मोठी रिंग असं जातंय, रिंगा एकमेकींना कडेला चिकटलेल्या आहेत, पण त्या चिकटवल्या कशा ते कळत नाही, शिवलेल्या तर दिसत नाहीत. माझ्या २० नंबरच्या दोऱ्यापुढे तिची लेस एकदम नाजूक दिसतेय, फोटो टाकलाय.


जुनी_शिवणवाली

शाब्बास! नवऱ्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नकोस, लेस बघून छान म्हणाला हेच खूप.

रिंग उघडायची तर पिको असेल तिथे उघडते. शेवटच्या पिकोच्या दोन्ही बाजूंच्या गाठी नखांनी धरून जरा फाकव, मधे आतला दोरा दिसेल, त्याखाली बोथट सुई घालून हळूहळू ओढ, रिंग मोठी होत जाते. पिकोच नसेल तर तिचं काही करता येत नाही, काप आणि पुढे चल. माझ्या डब्यात अशा कापलेल्या रिंगांचा एक पुरचुंडीभर साठा आहे.

चिकटवलेल्या नाहीत, जोडलेल्या आहेत. दुसरी रिंग करताना पहिलीच्या पिकोतून बारीक आकड्याच्या सुईने डाव्या हातावरचा दोरा फास करून वर ओढायचा, त्या फासातून शटल घालायचं, आणि फास परत खाली आवळून घ्यायचा, अर्ध्या गाठीच्या जागेवर तो बसतो. मग दुसरी अर्धी गाठ मारली की पूर्ण. इथे शटलचा दोरा अडकता कामा नये, सरकता राहिला पाहिजे, नाहीतर परत बंद होणार नाही आणि परत पोस्ट टाकशील. फार जुन्या कामात हे नव्हतं, रिंगा सुट्या करून सुई-दोऱ्याने एकत्र बांधायचे. पिकोत जोडायची ही युक्ती १८५० च्या आसपासची.


बुवा_विणतात

पॅटर्न लिहिलेला नाही तर मोजा. फोनने जवळून फोटो काढा, काळ्या कापडावर ठेवून, आणि झूम करून पिकोपासून पिकोपर्यंतच्या गाठी मोजा. प्रत्येक गाठीला वर दोन उभे पाय दिसतात, दोन पाय म्हणजे एक गाठ. बहुतेक जुन्या रुमालांत ५-५-५-५ निघतं, म्हणजे पाच गाठी, पिको, पाच गाठी, पिको, असं. दोन-तीन रिंगा मोजून ताडून बघा, एकीवर विश्वास ठेवू नका, माणूस टीव्ही बघता बघता चुकतो.

दोरा मला फोटोवरून ४० किंवा ६० वाटतोय. तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला पट्टीच घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा. पांढराशुभ्र घेऊ नका, तिचा जुना झालाय, शेजारी तुमचा ट्यूबलाइटसारखा चमकेल. ऑफव्हाइट बघा.


कोकणातली_चिंच

धुवायचं असेल तर घासू नकोस ग. कोमट पाण्यात साबणाचा फेस करून त्यात तास-दोन तास ठेव, दाबून पाणी काढ, पिळू नकोस. मग साबुदाण्याची पातळ खळ लावून टॉवेलवर पसरून एकेक पिको टाचणीने ताणून वाळव. टाचण्या स्टीलच्या घे. मी एकदा साध्या लावल्या, गंजाचे अठ्ठावीस ठिपके, सासूबाईंच्या हातची लेस होती, त्या काही बोलल्या नाहीत ते जास्त लागलं.


गुंतागुंत_७

मोजलं. सगळ्या रिंगा ५-५-५-५, कमानी ६-६. शेवटची रिंग मात्र अर्धीच आहे, पाच गाठी, जोड, आणि मग दोनच गाठी. फेरा तसाच मोठा राहिलाय, चपटा झालाय. आजीच्या शटलवर अजून दोरा आहे, थोडा बाहेर काढून बघितला, साधारण दीड हात निघाला आणि मग मी घाबरून परत गुंडाळला. हा दोरा वापरू का? आणि संपला तर नवा कुठे जोडायचा, मधेच गाठ मारली तर चालेल का?


जुनी_शिवणवाली

रिंगेच्या मधे मुळीच जोडायचा नाही. आतल्या दोऱ्यात गाठ असली की ती सरकणार नाही आणि रिंग तिथेच अडून बसेल. रिंग पूर्ण बंद कर, मग तिच्या बुडाशी नवा दोरा सरळ गाठीने बांध आणि टोकं पुढच्या कमानीच्या गाठींमध्ये सुईने ओवून टाक, पाच-सहा गाठी आत गेलं की पुरे. गोंद लावू नकोस, पिवळा पडतो आणि टोचतो.

ती अर्धी रिंग आजीच्याच दोऱ्याने कर, दीड हात तेवढ्याला भरपूर आहे. पण आधी तो दोरा ओढून बघ, चपट्या फेऱ्याच्या घडीवर बघ मुख्यतः, इतकी वर्षं मुडपलेला दोरा तिथेच तुटतो. एक वाटी गरम पाण्याच्या वाफेवर धर थोडा वेळ, घडी सुटेल. मग तेरा गाठी राहिल्यात, सावकाश कर.


गुंतागुंत_७

वाफ दिली. घडी गेली. उद्या रविवार आहे, उजेडात बसते.