काजूच्या पालवीवरचा हिरवा कोळी कोणता?

प्रश्न (सांगे, गोवा): काजूच्या कोवळ्या पालवीवर काटेरी पायांचा हिरवा कोळी आहे. जाळं नाही, उडी घेतो. ओळख कशी पटवावी? फवारणी केली तर चालेल का?

उत्तर १: लिंक्स कोळी, हिरवा म्हणजे बहुधा त्यातला प्युसेशिया हा वंश. भिंगातून डोळे बघा: सहा षटकोनात, दोन बारीक त्यांच्या खाली. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात समोरचे दोन डोळे टपोरे असतात. फोटोवरून जात ठरवू नका; त्यासाठी प्रौढ कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

उत्तर २: फोटो समोरून आणि वरून, दोन्ही हवेत. सकाळी गारव्यात तो कमी पळतो. फांदीखाली पांढरं कापड धरून काठीने हलकेच ठोका. धाग्याला लटकला तर धाग्यासकट डबीत घ्या. नमुना ठेवायचा तर ७० टक्के अल्कोहोल. फॉर्मेलिनने तो कडक होतो.

उत्तर ३: सरसकट फवारणी नकोच! हे कोळी ढेकण्या (पालवीचा रस शोषणारी कीड) खातात. मधमाश्याही पकडतात, त्यामुळे नुसत्या कोळ्यांवर विसंबू नका. पालवी तपासा, ढेकण्या वाढलेला दिसला तरच फवारा. अंड्यांच्या पिशवीवर मादी बसलेली असेल तर ती फांदी छाटू नका. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती तिथेच राखण करते.